मुक्त स्रोत ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवसापर्यंत उत्तम चालणारे कितीतरी संगणक, केवळ टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नाही किंवा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा आहे एवढ्याच कारणाने, विंडोज ११ च्या अधिकृत पात्रतेबाहेर राहिले. त्यामुळे मुक्त स्रोत, म्हणजे ज्यांचे मूळ प्रोग्रॅम-लेखन कोणालाही वाचता व बदलता येते अशा, प्रणालींचा विचार कधीही न केलेली माणसेसुद्धा आता "लिनक्समधले सर्वांत चांगले कोणते?" असे विचारू लागली आहेत. लिनक्स हे अशा मुक्त प्रणालींचे घराणे आहे आणि डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा या त्यातल्याच प्रणाली. या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही, परंतु स्वतःच्या उत्तरापर्यंत पोहोचण्याची एक रीत निश्चितच आहे आणि ती येथे क्रमाने सांगत आहे. माझे मत आरंभीच नोंदवतो: पहिल्या दिवशी पडदा किती देखणा दिसतो यावरून निवड करू नये. तिसऱ्या वर्षी, दोन मोठ्या आवृत्त्या ओलांडल्यानंतर, ती प्रणाली आपले काम आणि आपल्या फाइल कशा सांभाळील, हे पाहून निवड करावी. खालील प्रत्येक कसोटी याच विचारातून आली आहे.

आधी कामांची यादी

आठवडाभर संगणकावर जे जे काम होते ते कागदावर लिहून काढावे. कोणते प्रोग्रॅम उघडले, कोणत्या प्रकारच्या फाइल आल्या-गेल्या आणि कोणती उपकरणे जोडली, हे सर्व त्यात यावे. बहुतेक घरांत ही यादी ब्राउझर, कागदपत्रे, छायाचित्रे, व्हिडिओ कॉल आणि छपाई एवढ्यावर संपते. तशी ती संपत असेल, तर पुढे उल्लेख येणारी कोणतीही मोठी प्रणाली पुरेशी आहे, कारण फायरफॉक्स, क्रोमियम, लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी सगळीकडे सारखेच चालतात.

अडचण व्यवसायाच्या जागी येते. टॅली विंडोजसाठीच तयार होते. मराठी छपाईच्या व्यवसायात वर्षानुवर्षे वापरात असलेली श्रीलिपी, पेजमेकर आणि कोरलड्रॉ ही साखळीही विंडोजवरच उभी आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे वाइन नावाचे साधन आहे आणि ते पुष्कळ प्रोग्रॅम समर्थपणे चालवते, परंतु ज्या प्रोग्रॅमवर घरचा चरितार्थ चालतो तो वाइनच्या भरवशावर सोडू नये. अशा वेळी विंडोजचा एक भाग संगणकावर तसाच ठेवावा, किंवा एका प्रणालीच्या आत दुसरी चालवणाऱ्या वर्च्युअलबॉक्ससारख्या साधनात विंडोज चालवावे आणि उरलेले सर्व काम मुक्त प्रणालीवर आणावे. ज्याला नव्याने मांडणीचे काम शिकायचे आहे त्याने मात्र स्क्रायबस (पानांची मांडणी), इंकस्केप (रेखाचित्रे) आणि गिम्प (छायाचित्रे) यांच्यापासूनच आरंभ करावा, कारण ही तिन्ही साधने युनिकोड, म्हणजे सर्वत्र सारख्याच संकेतांनी साठवलेली, मराठी थेट स्वीकारतात आणि जुन्या सांकेतिक फाँटच्या बंधनात अडकवत नाहीत.

डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. जीएसटीची विवरणपत्रे असोत वा महाटेंडर्स या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील निविदा असोत, टोकनच्या निर्मात्याने लिनक्ससाठी ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) दिला आहे काय, आणि स्वाक्षरीचे सहायक साधन लिनक्सवर चालते काय, हे निविदेची शेवटची तारीख जवळ येण्यापूर्वी तपासून पाहावे.

कार्यालयातून येणाऱ्या वर्डच्या फाइलविषयी एक उपयुक्त गोष्ट सांगतो. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर सरकतो, पाने वाढतात, तक्ते तुटतात, यामागचे एक मोठे कारण मूळ फाँट नसणे हे असते. कार्लिटो हा फाँट कॅलिब्रीच्या आणि कॅलाडिया हा कँब्रियाच्या मापाचा बनवलेला आहे, तर लिबरेशन मालिका एरियल व टाइम्स न्यू रोमन यांच्या मापाची आहे. हे मुक्त फाँट असले की ओळी सहसा मूळच्याच जागी तुटतात. म्हणून चाचणीच्या पहिल्याच दिवशी आपल्या नेहमीच्या पाच-दहा फाइल उघडून पाहाव्यात.

यंत्राची मोजदाद

रॅम, डिस्क, वाय-फायची चिप आणि ग्राफिक्स कार्ड या चार गोष्टी नोंदवाव्यात. ८ जीबी किंवा त्याहून अधिक रॅम असेल तर ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा यांपैकी कोणतेही डेस्कटॉप (पडद्यावरील खिडक्या व मेनू यांची मांडणी) निश्चिंतपणे घ्यावे. ४ जीबी असेल तर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हे हलके डेस्कटॉप घ्यावे. २ जीबीवर अँटीएक्ससारखी हलकी प्रणाली उभी राहते, परंतु आजची संकेतस्थळे एवढ्या रॅममध्ये ब्राउझरचा श्वास कोंडतात, आणि हा दोष कोणत्याही प्रणालीला दूर करता येत नाही. डिस्क अजून फिरती असेल तर प्रणाली बदलण्याआधी एसएसडी बसवावी. जुन्या लॅपटॉपला याहून अधिक लाभ देणारा दुसरा खर्च मला ठाऊक नाही.

फार जुना, ३२ बिटांचा प्रोसेसर असेल तर पर्याय झपाट्याने कमी होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांच्या सामान्य पीसीसाठी इन्स्टॉलर दिलेला नाही. आधीच्या डेबियन १२ मध्ये तो आहे.

इंटेल आणि एएमडी यांच्या ग्राफिक्ससाठीचे ड्रायव्हर कर्नलबरोबरच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याबरोबरच, येतात, त्यामुळे तेथे सहसा काहीही करावे लागत नाही. एनव्हिडियाच्या कार्डासाठी बहुधा निर्मात्याचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवण्याची सोय उबुंटू व मिंट यांमध्ये सर्वांत सोपी आहे. वाय-फायसाठी लागणारे फर्मवेअर (चिपच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) डेबियनमध्ये पूर्वी वेगळे शोधावे लागत असे. प्रकल्पाच्या सदस्यांनी २०२२ मध्ये मतदान करून ते इन्स्टॉलरमध्येच समाविष्ट करण्याचे ठरवले आणि डेबियन १२ पासून ती अडचण बव्हंशी संपली. त्यामुळे डेबियन नवशिक्यांसाठी अवघड असल्याचे सांगणारे २०२३ पूर्वीचे लेख वाचताना हा बदल ध्यानात ठेवावा.

प्रिंटरची गोष्ट निराळी. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना एचपीएलआयपी हे मुक्त साधन चालवते आणि अलीकडचे नेटवर्क प्रिंटर ड्रायव्हरविनाही छापतात, परंतु काही स्वस्त लेझर प्रिंटर निर्मात्याच्या स्वतःच्या बंदिस्त भाषेतच आज्ञा घेतात. कॅननच्या एलबीपी २९०० सारख्या, कार्यालयांत व झेरॉक्सच्या दुकानांत घरोघरी असावा तसा आढळणाऱ्या प्रिंटरला कॅप्ट नावाची अशीच भाषा लागते. हा प्रिंटर असेल तर त्याची चाचणी सर्वांत आधी घ्यावी.

मराठीची कसोटी

प्रणालींची तुलना करणाऱ्या लेखांत ही कसोटी जवळजवळ कधीच नसते, आणि मराठीत लिहिणाऱ्यासाठी तर ती पहिल्या तीनांत असली पाहिजे.

तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात: मराठी टंकता येते का, मराठी नीट दिसते का, आणि जुनी मराठी उघडते का.

टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाणित कळरचना सर्व प्रमुख लिनक्स प्रणालींत उपलब्ध आहे. रोमन कळांनी उच्चारानुसार लिहिणाऱ्यांसाठी आयबस या टंकलेखन-साधनाबरोबर एम१७एन या कळरचना-संचातील मराठी रचना बसवाव्या लागतात. ग्नोम डेस्कटॉपमध्ये आयबस आधीपासूनच गुंफलेले असते, त्यामुळे सेटिंगमध्ये मराठी निवडले की काम होते. एक्सएफसीई आणि प्लाझ्मा यांमध्ये आयबस किंवा त्यासारखेच फसिटिक्स हे साधन स्वतः सुरू करावे लागते, आणि नेमक्या याच पायरीवर पुष्कळ लोक कंटाळून परत जातात. घरातल्या ज्येष्ठांसाठी संगणक तयार करत असाल तर केवळ या कारणासाठी ग्नोम किंवा मिंटचे सिनॅमन हे डेस्कटॉप यांना झुकते माप द्यावे. टंकलेखन परीक्षेमुळे रेमिंग्टन रचनेची बोटांना सवय झालेल्यांनी ती रचना निवडलेल्या प्रणालीत मिळते का, हे आधीच पाहावे, कारण सर्व ठिकाणी ती सारख्या रूपात मिळत नाही.

आता प्रत्यक्ष चाचणी. मजकूर-संपादकात "दुसऱ्या", "वाऱ्याने", "शाळा", "ॲप", "ऑक्टोबर", "लक्ष्मी" आणि "झाड" हे शब्द लिहून पाहावेत. इनस्क्रिप्टमध्ये ऱ हे अक्षर शिफ्टसह जे या कळीवर आणि ळ हे शिफ्टसह एन या कळीवर असते, म्हणून "दुसऱ्या"मधील चंद्रकोरीसारखा अर्धा र आणण्यासाठी ऱ, हलंत आणि य अशा क्रमाने कळा दाबाव्यात. तो "दुसर्‌या" किंवा "दुसर्या" असा उमटत असेल तर कळरचना तरी बदलायला हवी किंवा फाँट तरी. "ॲप"मधील ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वीच्या रचना हिंदी वळणाचा ऍ देतात, आणि एकदा दस्तऐवजात दोन्ही मिसळले की शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत.

दिसण्याच्या बाबतीत नोटो मालिकेचे देवनागरी फाँट आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीने मुक्त केलेले लोहित फाँट बहुतेक प्रणालींच्या सॉफ्टवेअर-भांडारात असतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फाँटही मुक्त परवान्याखाली आहेत आणि मी स्वतः दीर्घ वाचनासाठी मुक्ता वापरतो. ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाची दिसत असतील तर लिब्रेऑफिसमध्ये त्या मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी अशी ठरवावी. काही फाँटमध्ये दोन्ही वळणे साठवलेली असतात आणि भाषेची ही खूण पाहूनच योग्य ते वळण समोर येते. हे लहानसे सेटिंग पुस्तकाच्या मांडणीत फार मोठा फरक करते.

जुन्या मराठीचा प्रश्न खरोखर गंभीर आहे. शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये साठवलेला मजकूर आतून रोमन चिन्हांचाच असतो आणि तो फाँट नसला की पडद्यावर निरर्थक अक्षरे दिसतात. अशा फाइल संस्थेच्या दप्तरात भरपूर असतील तर त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेण्याचे काम विंडोज हाताशी असतानाच उरकावे. प्रणाली कोणतीही निवडली तरी हे काम चुकत नाही.

ताजेपणा आणि स्थैर्य

लिनस टॉरव्हल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे लिहायला घेतलेला लिनक्स हा केवळ कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा आहे. त्याच्याभोवती ग्नू प्रकल्पाची साधने, डेस्कटॉप आणि हजारो प्रोग्रॅम एकत्र करून जी संपूर्ण प्रणाली आपल्या हाती येते तिला डिस्ट्रो म्हणतात. शेकडो डिस्ट्रो अस्तित्वात असल्या तरी घराणी मोजकीच आहेत, आणि त्यांतला खरा भेद नवे सॉफ्टवेअर किती लवकर आपल्यापर्यंत पोहोचते यात आहे.

डेबियनची स्थिर शाखा सुमारे दोन वर्षांनी नवी आवृत्ती देते आणि मधल्या काळात केवळ सुरक्षेच्या व दोषांच्या दुरुस्त्या करते. पूर्ण आधाराची तीन वर्षे आणि दीर्घकालीन आधाराची दोन, अशी पाच वर्षे एक आवृत्ती वापरता येते. उबुंटू डेबियनच्याच पायावर उभी आहे. तिची दीर्घ आधाराची आवृत्ती सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे नियमित आधार मिळतो. मिंट ही उबुंटूवर आधारलेली आहे आणि विंडोजवरून येणाऱ्याला तिचे सिनॅमन डेस्कटॉप सर्वांत कमी परके वाटते. फेडोरा साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे १३ महिनेच आधार असतो, त्यामुळे वर्षातून एकदा तरी मोठे अद्ययावतीकरण करावेच लागते. अगदी नवा लॅपटॉप असेल तर मात्र तिचा ताजा कर्नल उपयोगी पडतो. आर्च आणि ओपनसुसे टंबलवीड यांना आवृत्त्याच नाहीत. तेथे नवे सॉफ्टवेअर सतत येत राहते.

सततच्या ताजेपणाची किंमत समजून घेण्यासाठी मार्च २०२४ मधील घटना पाहावी. एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संक्षेपण-साधनाच्या विकासात दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका योगदात्याने त्यात चोरवाट घातली होती. एका सॉफ्टवेअरच्या वेगाची मोजणी करताना आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला किंचित विलंब जाणवला आणि त्याचा माग काढताना हा प्रकार २९ मार्च रोजी उघडकीस आला. दूषित आवृत्ती तोवर डेबियनच्या चाचणी शाखेत, फेडोराच्या विकासाधीन आवृत्तीत आणि टंबलवीडमध्ये पोहोचली होती, परंतु डेबियनच्या स्थिर शाखेत ती आलेलीच नव्हती. या घटनेतून स्रोत खुला असल्याचे मोलही दिसते, कारण सर्वांसमोर असलेल्या स्रोतामुळेच एका बाहेरच्या माणसाला तो माग मुळापर्यंत काढता आला. जिच्यावर केवळ काम करायचे आहे अशा यंत्रावर मी स्थिर शाखाच सुचवतो. स्थिर शाखेत एखादा प्रोग्रॅम जुना वाटलाच तर कोणत्याही डिस्ट्रोवर प्रोग्रॅम पोहोचवणाऱ्या फ्लॅटपॅकच्या मार्गाने तेवढ्याच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घेता येते.

टंबलवीडच्या बाजूने एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. बीटीआरएफएस फाइल प्रणाली आणि स्नॅपर हे साधन यांच्या साहाय्याने ती प्रत्येक बदलाच्या आधीची स्थिती जपून ठेवते आणि काही बिघडल्यास संगणक सुरू होतानाच आधीच्या स्थितीत परतता येते. शिकण्यासाठी प्रणाली हवी असणाऱ्याला ही सोय फार धीर देते.

प्रणाली कोणाच्या हाती आहे

मुक्त परवान्याने स्रोत वाचण्याचा, बदलण्याचा आणि पुढे देण्याचा हक्क मिळतो. प्रकल्प उद्या चालू राहील याची हमी मात्र परवाना देत नाही, आणि तिसऱ्या वर्षाचा विचार करणाऱ्याने म्हणूनच प्रकल्पाच्या कारभाराकडे पाहिले पाहिजे.

सेंटओएस हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. रेड हॅटच्या व्यावसायिक प्रणालीची विनाशुल्क पुनर्बांधणी म्हणून जगभरातील सर्व्हरांवर ती चालत होती आणि तिच्या आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत आधार मिळेल, असे धरून लोकांनी यंत्रे उभी केली होती. ८ डिसेंबर २०२० रोजी तो आधार २०२१ च्या अखेरीसच संपेल असे जाहीर झाले. काही महिन्यांतच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या दोन प्रणाली त्या रिकाम्या जागी उभ्या राहिल्या. स्रोत खुला होता म्हणूनच हे शक्य झाले, परंतु सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे एक वर्ष स्थलांतराच्या कामात गेले. त्याआधी ओरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतल्यावर २०१० मध्येच सनची ओपनसोलारिस ही मुक्त प्रणाली बंद पडली आणि तिचा वारसा इल्युमोस या प्रकल्पाने पुढे नेला. एके काळी नवशिक्यांची लाडकी असलेली मँड्रिवा २०१५ मध्ये कंपनीसह संपली. तिच्यापासून २०१० मध्येच फुटून निघालेली मॅजिया आजही चालू आहे, कारण ती एका ना-नफा संस्थेच्या हाती आहे.

डेबियनकडे माझा ओढा आहे तो याच ठिकाणी. इयन मरडॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी घोषित केलेल्या या प्रकल्पाचा कोणी मालक नाही. त्याला लिखित घटना आहे, सदस्य दरवर्षी मतदानाने प्रमुख निवडतात, आणि १९९७ मध्ये स्वीकारलेल्या सामाजिक करारात "आम्ही अडचणी लपवणार नाही" या अर्थाचे कलम आहे, ज्याला अनुसरून दोषांची संपूर्ण नोंदवही सर्वांना खुली असते. जगभरचे स्वयंसेवक दरवर्षी एकत्र येतात, आणि २०२३ मध्ये ते संमेलन आपल्याकडे कोची येथे भरले होते. डेबियन १३ मध्ये ६९ हजारांहून अधिक सॉफ्टवेअर-पॅकेज आहेत. एवढा मोठा पसारा तीन दशके मतदान, वाद आणि संयम यांच्या बळावर चालवणाऱ्या लोकांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

कंपनीच्या हाती असणे हा आपोआप दोष ठरत नाही. मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकलने २००४ पासून उबुंटूला दिलेल्या स्थैर्यामुळेच लिनक्स सामान्य घरांत पोहोचले. मात्र कंपनी आपल्या हिताचे निर्णय घेते हे गृहीत धरावे. उबुंटू २१.१० पासून फायरफॉक्स स्नॅप या, प्रोग्रॅम पोहोचवण्याच्या कॅनॉनिकलच्या स्वतःच्या, स्वरूपात येऊ लागला. मिंटने मात्र २०२० मध्येच स्नॅपला मूळ सेटिंगमध्ये मज्जाव केला होता. हा वाद कोणत्या बाजूने आपल्याला पटतो, याचे उत्तर दिले की उबुंटू आणि मिंट यांतली निवड बरीचशी झालेली असते. मिंटच्या चमूने उबुंटूवरचे अवलंबन धोक्यात आले तर पर्याय असावा म्हणून थेट डेबियनवर आधारलेली एलएमडीई ही आवृत्तीही सांभाळून ठेवली आहे, आणि ही दूरदृष्टी मला त्यांच्या देखण्या डेस्कटॉपपेक्षा अधिक भावते.

सी-डॅक या सरकारी संगणन-संस्थेने तयार केलेली बॉस ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. सरकारी कार्यालयात ती आधीपासून असेल तर आवर्जून वापरावी. घरी स्वतंत्रपणे निवडताना मात्र तिच्या ताज्या आवृत्तीची तारीख डेबियनच्या चालू आवृत्तीशी ताडून पाहावी.

लिनक्सच्या बाहेरचा एक पर्याय विसरला जाऊ नये. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सपासून १९९३ मध्ये आकाराला आलेली फ्रीबीएसडी ही कर्नलपासून मूळ साधनांपर्यंत एकाच प्रकल्पात घडते. तिचे हँडबुक हे मी वाचलेल्या तांत्रिक दस्तऐवजांतील सर्वांत नीटनेटके आहे. झेडएफएस ही फाइल प्रणाली इन्स्टॉलरमधूनच बसवता येते, आणि नेटफ्लिक्सच्या व्हिडिओ पुरवणाऱ्या यंत्रांवर हीच प्रणाली चालते. लॅपटॉपच्या वाय-फायबाबत ती लिनक्सच्या मागे आहे, म्हणून पहिली प्रणाली म्हणून मी ती सुचवणार नाही. घरच्या फाइल-सर्व्हरसाठी मात्र अवश्य सुचवीन.

प्रत्यक्ष चाचणी

इथपर्यंत आल्यावर यादीत दोन किंवा तीन नावे उरलेली असतात. एक १६ किंवा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन त्यावर व्हेंटॉय हे साधन बसवावे. त्यानंतर आयएसओ फाइल (प्रणालीचा संपूर्ण संच असलेल्या फाइल) पेन ड्राइव्हवर नुसत्या कॉपी केल्या की संगणक सुरू करताना त्यांतली हवी ती निवडता येते. आयएसओ प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी आणि तिचा शा-२५६ चेकसम (फाइलवरून काढलेली ओळखखूण) संकेतस्थळावर दिलेल्या चेकसमशी जुळवावा. शक्य असेल तर त्या चेकसमवरील डिजिटल सहीसुद्धा तपासावी, कारण २० फेब्रुवारी २०१६ रोजी मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी करून हल्लेखोरांनी १७.३ सिनॅमन आवृत्तीच्या दुव्यामागे चोरवाट असलेली आयएसओ ठेवली होती. संकेतस्थळच ताब्यात गेले तर तेथे छापलेला चेकसमही बदलता येतो, परंतु प्रकल्पाच्या किल्लीने केलेली सही बनवता येत नाही.

विंडोज असलेल्या यंत्राला हात लावण्यापूर्वी सर्व फाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. बायोसमधील, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या नियंत्रणातील, सेटिंग बदलल्यावर पुष्कळदा विंडोज हीच की मागते, आणि ती नसेल तर डिस्कवरील मजकूर कायमचा हातचा जातो. सिक्युअर बूट (विश्वासू सही असलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद करण्याचा सल्ला जुन्या लेखांत सरसकट दिलेला असतो. उबुंटू, फेडोरा आणि डेबियन १० पासूनच्या आवृत्त्या ते चालू असतानाही सुरू होतात, म्हणून आधी तसेच करून पाहावे.

पेन ड्राइव्हवरून प्रणाली सुरू झाली की भिंतीवरच्या चित्राकडे न पाहता कामांची यादी हातात घ्यावी. वाय-फाय जोडावे, प्रिंटरवर एक पान छापावे, ब्लूटूथ हेडफोन लावून व्हिडिओ कॉल करावा, प्रोजेक्टर जोडावा आणि वर दिलेले मराठी शब्द लिहावेत. लॅपटॉपचे झाकण मिटून अर्ध्या तासाने उघडावे. झोपलेला लॅपटॉप नीट जागा होतो की नाही, ही अडचण सर्वाधिक उशिरा ध्यानात येते आणि सर्वाधिक छळते. पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रणाली डिस्कवरच्या प्रणालीपेक्षा संथ असते, म्हणून वेगाविषयीचे मत या टप्प्यावर बनवू नये.

ही चाचणी उतरलेली प्रणाली डिस्कवर बसवताना आपल्या फाइलसाठी स्वतंत्र होम विभाग ठेवावा, जेणेकरून पुढे डिस्ट्रो बदलली तरी फाइल जागच्या हलणार नाहीत. टाइमशिफ्ट या साधनाने प्रणालीची प्रत आणि वेगळ्या डिस्कवर आपल्या फाइलची प्रत, या दोन्ही व्यवस्था पहिल्याच आठवड्यात लावाव्यात. मग किमान एक महिना दुसऱ्या कोणत्याही डिस्ट्रोकडे वळू नये. दर आठवड्याला नवी प्रणाली बसवणाऱ्याला इन्स्टॉलरची चांगली ओळख होते, पण कोणत्याही प्रणालीची होत नाही. या महिन्यात एक अडचण स्वतः, अधिकृत दस्तऐवज वाचून सोडवण्याचा प्रयत्न करावा. दस्तऐवज वाचून मार्ग सापडला, तर ती प्रणाली आपल्यासाठी आहे असे खुशाल समजावे. आर्चचे विकी इतर डिस्ट्रोवरही उपयोगी पडते. मराठीतून शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स व लिब्रेऑफिसवरील पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. पुण्यासारख्या शहरात लिनक्स वापरणाऱ्यांचे गटही आहेत, आणि आपल्या ओळखीत कोणी जाणकार असेल तर तो वापरतो तीच डिस्ट्रो घेणे हा मुळीच कमी दर्जाचा निकष नाही.

कोणी काय घ्यावे याविषयी माझा कौल असा आहे. विंडोजवरून प्रथमच येणाऱ्याने, विशेषतः घरातील इतरांसाठी संगणक लावत असेल तर, मिंट सिनॅमन घ्यावी. ज्याला एकदा बसवून पाच वर्षे निश्चिंत राहायचे आहे आणि सुरुवातीला एखादी संध्याकाळ दस्तऐवज वाचण्याची तयारी आहे, त्याने डेबियन स्थिर घ्यावी. ४ जीबीच्या यंत्रावर तिच्याचबरोबर एक्सएफसीई निवडावे. नवाकोरा लॅपटॉप असलेल्या विद्यार्थ्याने किंवा प्रोग्रॅमरने फेडोरा पाहावी. आतली रचना समजून घेण्याची ज्याला खरी ओढ आहे त्याने दुसऱ्या, कामाच्या नसलेल्या यंत्रावर आर्च किंवा फ्रीबीएसडी हाताने बसवावी. निवड झाल्यावर त्या प्रकल्पाच्या सुरक्षा-सूचनांच्या टपालयादीत आपले नाव नोंदवावे, चालू आवृत्तीचा आधार कोणत्या महिन्यात संपतो ते कॅलेंडरमध्ये लिहावे, आणि मराठी दाखवण्यात किंवा टंकण्यात एखादा दोष आढळला तर तो प्रकल्पाच्या नोंदवहीत उदाहरणासह कळवावा. मराठीतले दोष मराठी वापरणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सहसा दिसत नाहीत.